एका खुर्चीला पाच माणसं : अटलांटाच्या राइस स्ट्रीट जेलचं प्रकरण

२४ ऑगस्ट २०२३ ला ट्रम्पचा तो भुवया ताणून बघणारा फोटो जगभर फिरला ना, तो जिथे काढला ते हे जेल. फुल्टन काउंटी जेल, राइस स्ट्रीट, अटलांटा (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं). माणूस आला, बोटांचे ठसे दिले, फोटो काढला, कैदी नंबर पडला आणि वीसेक मिनिटांत दोन लाख डॉलरच्या जामिनावर परत एअरपोर्टकडे रवाना. त्या रात्री सगळ्या चॅनेलवर जेलचं गेट दिसत होतं, गेटच्या आत कोणाला रस नव्हता. खरंतर त्याच्या सहा आठवडे आधी, १३ जुलैला, केंद्राच्या जस्टिस डिपार्टमेंटनं याच जेलची चौकशी सुरू केली होती.

मी राहतो याच काउंटीत, उत्तरेला जॉन्स क्रीकला. इकडे अल्फारेटा-जॉन्स क्रीक पट्ट्यात मराठी घरं भरपूर, गणपती काय, दिवाळी फराळ काय, सगळं जोरात असतं, पण काउंटीच्या जेलबद्दल कोणाशी बोललात तर "ते डाउनटाउनकडे कुठेतरी ना?" एवढंच उत्तर येतं. आपण भरतो त्या प्रॉपर्टी टॅक्समधला काउंटीचा हिस्सा जिथे जिथे जातो त्यात हे जेल आहे, म्हणून मी वाचायला लागलो. आणि दुसरं कारण म्हणजे माझं काम. मी चोवीस तास चालणाऱ्या आयटी सपोर्ट टीमचं रोस्टर, म्हणजे कोण कुठल्या पाळीला ते वेळापत्रक, लावतो, गेली अकरा वर्षं हेच करतोय. त्यामुळे कुठे काही घोळ झाला की मला पहिला प्रश्न पडतो की त्या पाळीला माणसं किती होती. राइस स्ट्रीटचं सगळं प्रकरण मी याच एका खिडकीतून बघतोय, दुसऱ्या खिडक्या आहेत, वंशभेद आहे, मानसिक आजार आहे, जामिनाचं राजकारण आहे, पण त्यावर लिहिणारे खूप आहेत.

आधी जेल म्हणजे काय ते क्लिअर करतो कारण आपल्याकडे सगळ्यालाच जेल म्हणतात. अमेरिकेत शिक्षा झालेले मोठे गुन्हेगार जातात राज्याच्या किंवा केंद्राच्या प्रिझनमध्ये. काउंटीच्या जेलमध्ये असतात ते मुख्यतः आपण ज्यांना कच्चे कैदी म्हणतो ते, म्हणजे काल रात्री पकडलेला, जामिनाला पैसे नसलेला, केस उभी राहायची वाट बघणारा, आणि थोडे छोट्या शिक्षेवाले. देशभरातल्या जेलांमधले साधारण सत्तर टक्के लोक असे अजून दोषी न ठरलेले. (भारताचा आकडाही फार लांब नाही, चारातले तीन कच्चे, त्यामुळे नाकं मुरडायला आपल्याला जागा नाही.) म्हणजे हे गोदाम नाही, हा एस्टी स्टँड आहे. रोज माणसं येणार, रोज सुटणार, कोणी नशेत, कोणी आजारी, कोणाचं नावसुद्धा धड माहीत नाही. प्रिझनमधला कैदी दहा वर्षं तोच असतो, वॉर्डनला त्याच्या खोडी पाठ असतात. जेलमध्ये ऑफिसरला समोरच्याची पहिली रात्र सांभाळायची असते आणि पहिली रात्रच सगळ्यात वाईट.

चालवतो कोण तर शेरीफ. हा आपल्या जेल अधीक्षकासारखा बदलीवर आलेला अधिकारी नाही, लोकांनी मतं देऊन चार वर्षांसाठी निवडून दिलेला माणूस. जॉर्जियात १५९ काउंट्या आहेत आणि प्रत्येकीला आपापला शेरीफ, त्याचं पद राज्याच्या घटनेतच लिहिलेलं, त्यामुळे काउंटीचे कमिशनर त्याचे साहेब नाहीत. पण बजेट मात्र कमिशनर मंडळ पास करतं, सात जणांचं. आणि आत किती माणसं येतील किती दिवस राहतील हे ना शेरीफच्या हातात ना कमिशनरच्या, ते पोलीस, सरकारी वकील आणि जज ठरवतात. हे तीन कोपरे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आता खुर्चीचं गणित.

जेलच्या भाषेत माणसाला नाही, जागेला पोस्ट म्हणतात. कंट्रोल रूममधला दरवाजे उघडणारा ही एक पोस्ट, अमुक मजल्यावरच्या अमुक झोनचा, म्हणजे सेलच्या एका गटाचा, ऑफिसर ही एक पोस्ट. पोस्ट चोवीस तास, ३६५ दिवस भरलेली पाहिजे, म्हणजे वर्षाचे ८,७६० तास. एक माणूस कागदावर वर्षाला २,०८० तास काम करतो, आठवड्याला चाळीस. त्यातून रजा वजा करा, आजारपण वजा करा, सण, ट्रेनिंग, बाळंतपण, कोर्टात साक्ष द्यायला जाणं, सगळं वजा केलं की हातात राहतात १,७०० ते १,७५० तास. भागाकार करा, पाच येतात. एक खुर्ची, पाच माणसं. याला तिकडे शिफ्ट रिलीफ फॅक्टर म्हणतात आणि देशभरच्या जेलांचं स्टाफिंग या हिशोबाने काढायची पद्धत कित्येक वर्षांपासून लिहून ठेवलेली आहे, काही गुपित नाही. तरी प्रत्येक बजेट मीटिंगला कोणीतरी विचारतंच की शंभर पोस्ट आहेत तर पाचशे माणसं कशाला मागताय. आमच्या ऑफिसमध्येही विचारतात. एका सीटला चार माणसं देऊन बघा म्हणतात, मग चौथ्या महिन्यात दोघं राजीनामा देतात आणि राहिलेल्या दोघांचे डोळे तांबारलेले.

आणि पोस्ट किती प्रकारच्या असतात बघा. इनटेकला, म्हणजे नवीन कैदी आत घेतात तिथे, बुकिंग करणारे, झडती घेणारे, कोणाला कोणाबरोबर ठेवायचं हे ठरवणारे क्लासिफिकेशनवाले (दोन गँगवाले एका बराकीत नकोत, तेवढ्यावर माणसं जिवंत राहतात), झोनचे ऑफिसर, फिरता ऑफिसर, व्हिजिट म्हणजे मुलाखतीची जागा, किचन, कोर्टाची ने-आण, सुटकेचे कागद. सुटका वाटते सोपी पण चुकीच्या माणसाला सोडलं तर दुसऱ्या दिवशी पेपरात, आणि बरोबर माणसाला सोडायला दोन दिवस उशीर केला तर कोर्टात दावा.

सगळ्यात महागडी पोस्ट मात्र रोस्टरमध्ये लिहिलेलीच नसते. कैद्याला हॉस्पिटलमध्ये ॲडमिट केलं की त्याच्याबरोबर साधारण दोन ऑफिसर जातात आणि पलंगाशेजारी चोवीस तास बसतात. म्हणजे एक कैदी ग्रेडी हॉस्पिटलला आठवडाभर पडला तर दोन नव्या खुर्च्या तयार झाल्या, ज्यांच्यासाठी माणसं कोणी भरलेलीच नाहीत. ती येणार कुठून, झोनमधून. असे चार पेशंट एका वेळी असले की आठ ऑफिसर बिल्डिंगबाहेर. आता राइस स्ट्रीटसारख्या जेलमध्ये जिथे २०२३ या एका वर्षात हजारावर मारामाऱ्या आणि तीनशेच्या वर भोसकाभोसकीचे प्रकार नोंदले गेले तिथे काय होत असेल? एकाला भोसकलं, दोघं त्याच्याबरोबर गेले, झोन रिकामा झाला, रिकाम्या झोनमध्ये दुसऱ्याला भोसकलं, अजून दोघं गेले. मला पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मी जेवता जेवता थांबलो होतो, कारण हे माझ्या धंद्यातलं रोजचं चित्र आहे, तिकीट, म्हणजे आलेल्या तक्रारी, वाढली म्हणून माणसं कमी पडतात आणि माणसं कमी पडली म्हणून तिकीट वाढतात, फक्त इथे तिकीट म्हणजे चाकू.

चाकू आत येतात कुठून म्हणाल तर बरेचसे बिल्डिंगच पुरवते. जेल १९८९ ला उघडलं, साधारण ११०० कैद्यांच्या हिशोबाने बांधलेलं, दोन मोठे टॉवर. गर्दी पहिल्यापासूनच जास्त, मग एकेका सेलमध्ये दुसरा बंक टाकून क्षमता कागदावर दुप्पट केली. पण दुसरा बंक टाकला म्हणून बाथरूम, पाइप, कुलपं, ऑफिसर दुप्पट होत नाहीत. २०२२-२३ मध्ये काउंटीच्या ताब्यात सगळ्या जागा धरून तीन हजारांच्या वर माणसं होती, कित्येकजण जमिनीवर प्लास्टिकच्या होडीसारख्या तबकात झोपत, तिकडे त्याला बोटच म्हणतात. आर्थर रोडची पथारी ज्यांनी ऐकलीय त्यांना चित्र नवीन नाही. भिंती झिजलेल्या, पाइप गळतात, त्या भिंतीतला, लाइटच्या खोबणीतला, पाइपमधला लोखंडाचा तुकडा काढायचा आणि जमिनीवर घासून टोक करायचं. त्याला शँक म्हणतात. शेरीफच्या ऑफिसनेच फोटो दाखवले होते, भिंतीला अशी भोकं की शेजारच्या सेलमध्ये माणूस सरपटत जाईल.

आता इथे लोक म्हणतात बघा, बिल्डिंगचाच प्रॉब्लेम आहे. शेरीफ पॅट लबाटही तेच म्हणत आला, नवीन जेल बांधा, अंदाज निघाला १.७ बिलियन डॉलर. मी म्हणतो भोक एका रात्रीत पडत नाही. घासायला तास लागतात, आवाज येतो, धूळ पडते. झोनमध्ये दर अर्ध्या तासाने फेरी मारणारा, सेलमध्ये डोकावणारा, आठवड्याला झडती घेणारा माणूस असेल तर पहिल्या इंचालाच सापडतं. भिंत कैद्यांनी फोडली हे खरं, पण त्यांना वेळ मिळाला तो रिकाम्या खुर्चीमुळे.

कुलपांचीही गोष्ट तशीच. वर्षानुवर्षं या जेलमधली सेलची कुलपं कैदी साबणाची वडी, कागद, कापडाचा बोळा असलं काहीतरी कोंबून उघडी ठेवत आले. कुलूप लागत नसेल तर एका ऑफिसरला एका झोनमध्ये रात्री एकट्याने जाणं म्हणजे काय हे सांगायला नको. मग तो जात नाही. काचेच्या आड कंट्रोलमध्ये बसतो, तिथून दोन-तीन झोनवर नजर ठेवतो, आणि झोन आतले दादा लोक चालवतात. जेवणाचे ट्रे कोणाला मिळतील, फोन कोण वापरेल, जमिनीवर कोण झोपेल, सगळं तेच ठरवतात. जस्टिस डिपार्टमेंटच्या रिपोर्टमध्ये हेच आलंय, देखरेखीशिवाय सोडलेले झोन, शस्त्रं, एकमेकांवरचे आणि लैंगिक हल्ले, आणि दुसऱ्या बाजूला स्टाफकडून टेझरचा, म्हणजे विजेचा झटका देणाऱ्या बंदुकीचा, नको तिथे वापर. मला त्या शेवटच्या गोष्टीचं आश्चर्य वाटलं नाही. चाळीस जणांच्या समोर एकटा उभा असलेला, बारा तासांची पाळी संपवून सक्तीच्या ओव्हरटाइमवर थांबवलेला, दोन आठवड्यांचा जेल ऑफिसरचा कोर्स करून आलेला पोरगा तोंडाने कमी बोलणार आणि टेझरने जास्त. समर्थन करत नाहीये, कसं होतं ते सांगतोय.

दोन आठवडे हा शब्द वाचून दचकला असाल तर बरोबर आहे. जॉर्जियात जेल ऑफिसरचं बेसिक ट्रेनिंग ऐंशी तासांचं आहे. हे डिटेन्शन ऑफिसर, पूर्ण पोलीस ट्रेनिंग झालेले डेप्युटी वेगळे. डेप्युटी कोर्ट सांभाळतात, वॉरंट बजावतात, कैदी नेतात-आणतात, आणि बहुतेकांना जेलमध्ये ड्यूटी नको असते. डिटेन्शनवाल्याचं म्हणाल तर अटलांटात त्याच्यासमोर एअरपोर्ट आहे, गोदामं आहेत, ट्रक आहेत. तिकडे पगार थोडा इकडेतिकडे असेल पण पाठीत कोणी लोखंड खुपसत नाही आणि संध्याकाळी घरी जाता येतं. या नोकरीत घड्याळ बघून पाळी संपत नाही, बदली माणूस आला की संपते. आला नाही तर थांबा. असं आठवड्यात तीनदा झालं की चौथ्यांदा तो स्वतःच येत नाही, आणि मग त्याच्या आधीच्याला थांबावं लागतं. जे टिकतात त्यातले काही फोन, सिगारेट, गोळ्या आत पोचवायच्या मोहात पडतात. फुल्टनमध्येही स्टाफच अटकेत गेल्याच्या घटना झाल्यात.

आता ज्या मृत्यूमुळे हे सगळं उघड्यावर आलं तो. ३५ वर्षांचा माणूस, स्किझोफ्रेनिया, किरकोळ मारहाणीच्या आरोपाखाली जून २०२२ मध्ये आत आला. जामिनाला पैसे नाहीत. मानसिक रुग्णांच्या विभागात ठेवलं. तीन महिन्यांनी १३ सप्टेंबरला सेलमध्ये मेलेला सापडला, अंगभर ढेकूण आणि उवांच्या चाव्याच्या खुणा. सेलचे फोटो पुढे घरच्यांच्या वकिलाने प्रसिद्ध केले, मी एकदाच पाहिलेत. कुटुंबानं स्वतंत्र शवविच्छेदन करून घेतलं त्यात गंभीर दुर्लक्ष हेच कारण दिलं गेलं. एप्रिल २०२३ मध्ये शेरीफने जेलच्या वरच्या तीन अधिकाऱ्यांचे राजीनामे मागून घेतले, त्यात चीफ जेलरही होता, आणि ऑगस्टमध्ये कुटुंबाला चार मिलियन डॉलरची नुकसानभरपाई ठरली.

लोकांना ढेकूण दिसले, सफाई दिसली, मेडिकलवाल्या कंपनीचा हलगर्जीपणा दिसला. सगळं खरं. पण तो सेल साफ का झाला नाही याची साखळी उलटी पकडून चला. सेल साफ करायचा तर आतल्या माणसाला बाहेर काढून आंघोळीला न्यावं लागतं, ज्याचं डोकं ठिकाणावर नाही त्याला काढायला एक नाही दोन-तीन ऑफिसर लागतात. नर्स सेलमध्ये एकटी जाऊ शकत नाही, तिच्याबरोबर ऑफिसर पाहिजे, ऑफिसर नाही तर गोळ्यांची फेरी उशिरा, नाहीतर दाराच्या खिडकीतून "बरा आहेस ना" विचारून पुढे. औषध चुकलं की तब्येत अजून बिघडते, तो अजून सहकार्य करत नाही, मग त्याला काढायला अजून जास्त माणसं लागतात, जी नाहीत. स्टाफने त्याची तब्येत ढासळताना पाहिली होती हेही नंतर बाहेर आलं. बघितलं होतं, करणारं कोणी नव्हतं. म्हणून मी म्हणतो की औषध, सफाई, जेवण, सुरक्षा हे जेलचे चार वेगळे विभाग कागदावर, प्रत्यक्षात चारही एकाच रोस्टरवर टांगलेले.

कोर्टाची ने-आणही त्याच खुंटीला. गाडी आहे, ड्रायव्हर-ऑफिसर नाही, तर आजची तारीख गेली, पुढची महिन्याने. तेवढे तीस दिवस तो माणूस आत, एक पलंग अडला. करोनात कोर्टं बंद होती त्याचा ढीग वेगळाच. जॉर्जियाच्या कायद्यात असं आहे की अटकेनंतर ९० दिवसांत ग्रँड ज्युरीसमोर (खटला चालवायचा का हे ठरवणारे नागरिक पंच) आरोप ठेवला नाही तर जामीन द्यायलाच पाहिजे, पण जामीन दिला म्हणजे माणूस सुटला असं नाही, रक्कम भरायला हवी ना. म्हणजे गर्दी वाढायला गुन्हे वाढायची गरज नाही, फक्त सगळं थोडं थोडं हळू झालं की पुरे.

हे सगळं पहिल्यांदा घडतंय असं वाटत असेल तर नाही, आणि मला सगळ्यात जास्त चीड याचीच येते. २००४ मध्ये याच जेलवर दावा लागला होता, गर्दी, मोडकी सफाई, अपुरा स्टाफ. फेडरल जज मार्विन शूब यांनी जेल शेरीफच्या हातून काढून काही काळ रिसीव्हरकडे, म्हणजे कोर्टाने नेमलेल्या प्रशासकाकडे, दिलं. पुढच्याच वर्षी, ११ मार्च २००५ ला, फुल्टनच्या कोर्टात जे झालं ते अजून जुने अटलांटावाले सांगतात. बलात्काराच्या खटल्यातला ब्रायन निकोल्स नावाचा धिप्पाड आरोपी, त्याला कपडे बदलायला घेऊन गेली एकटी एक महिला डेप्युटी. त्याने तिला मारून बेशुद्ध केलं, पिस्तूल मिळवलं, भर कोर्टात जज रोलँड बार्न्स आणि कोर्ट रिपोर्टरला गोळ्या घातल्या, बाहेर एका डेप्युटीला आणि पुढे एका केंद्रीय अधिकाऱ्याला. हल्ला झाला तेव्हा कॅमेरा चालू होता. मॉनिटरसमोर बघणारं कोणी नव्हतं. कॅमेरा ही खुर्ची नाही, कॅमेऱ्यासमोर माणूस बसला तर ती खुर्ची होते, आणि मग तिलाही पाच माणसं लागतात.

२००६ मध्ये कोर्टाच्या देखरेखीखालचा समझोता झाला, त्याला कन्सेन्ट डिक्री म्हणतात. कैद्यांच्या संख्येवर मर्यादा, स्टाफची किमान संख्या, कुलपांची दुरुस्ती, सगळं लिहिलेलं. नऊ वर्षं चाललं, कुलपं बदलली, आणि २०१५ मध्ये देखरेख उठली. जज बघतोय तोपर्यंत कमिशनर पैसे देतात कारण नाही दिले तर अवमान होतो. जज उठला की बजेटच्या टेबलावर जेलवाला परत रस्ते, लायब्ररी आणि म्हाताऱ्यांच्या सेंटरशी भांडायला उभा, आणि कैद्यांची बाजू घेऊन कोणी निवडून येत नाही. २०१९ मध्ये युनियन सिटीच्या उपजेलमधल्या मानसिक आजारी बायकांसाठी वेगळा दावा झाला, त्यांना दिवसचे दिवस सेलमध्येच कोंडून ठेवत होते. जजनी सांगितलं रोज ठरावीक वेळ बाहेर काढा. कोंडून का ठेवत होते? क्रूरपणा असेलही, पण कोंडलेल्या वीस बायकांना एक ऑफिसर पुरतो, बाहेर काढलेल्या वीस बायकांना नाही. टाळेबंदी हा कमी स्टाफवरचा सगळ्यात स्वस्त इलाज आहे, जगात कुठेही.

लबाट २०२० मध्ये निवडून आला तेव्हा तो नवखा नव्हता, अटलांटा शहराचं जेल त्याने चालवलेलं. शहराचं जेल आणि काउंटीचं जेल वेगळं, आणि गंमत म्हणजे शहराचं बरंचसं रिकामं. २०२२ मध्ये शहराने काउंटीला त्यातले ७०० पलंग चार वर्षांसाठी भाड्याने द्यायचं कबूल केलं. कागदावर गर्दीवर उतारा. पण रोस्टर लावणाऱ्याला विचारा, पलंग शहराचे, ऑफिसर कोणाचे? शेरीफचेच. म्हणजे शेरीफकडे राइस स्ट्रीट, अल्फारेटा, युनियन सिटी, मॅरिएटा बुलेवार्ड ही आपली जेलं आणि वर हे शहराचं, अशा पाच बिल्डिंगा झाल्या. पाच कंट्रोल रूम, पाच इनटेकची दारं, पाच ठिकाणी रात्रपाळीचा सुपरवायझर. सातशे कैदी एकाच छताखालून हलवले म्हणून मूळ छताखालच्या खुर्च्या सातशेच्या प्रमाणात कमी होत नाहीत. आमच्याकडे एक ऑफिस पुण्याला उघडलं तेव्हा हेच शिकलो होतो, मॅनेजमेंटला वाटत होतं काम अर्धं इथे अर्धं तिथे, माणसंही अर्धी अर्धी, आणि पहिल्याच महिन्यात दोन्हीकडे रात्रपाळीला एकेकटा.

मधल्या काळात एक तंत्रज्ञानाचा प्रयोगही झाला. कैद्यांच्या मनगटावर पट्टा, तो जागा सांगणार, हृदयाचे ठोके मोजणार, त्याचं कंत्राट दोन मिलियन डॉलरच्या वर. वर्षभराने पाहिलं तर पट्टे मूठभर लोकांच्याच हातात. आणि समजा सगळ्यांनी घातले, ठोके थांबले, स्क्रीनवर लाल दिवा लागला, तर धावत जाणार कोण? मी आयटीवाला असून सांगतो, अलार्म वाढवला की काम वाढतं, कमी होत नाही.

२०२३ मध्ये कोठडीत दहा जण गेले, त्यातले कितीतरी ट्रम्पचा फोटो निघाला त्याच उन्हाळ्यात. नोव्हेंबर २०२४ मध्ये जस्टिस डिपार्टमेंटचा रिपोर्ट आला, घटनेतल्या हक्कांचं उल्लंघन होतंय असं स्पष्ट लिहून, सतरा वर्षांच्या मुलामुलींसकट (जॉर्जियात सतराव्या वर्षी गुन्हेगारी कायद्याने तुम्ही मोठे). त्याच वर्षी लबाट परत निवडून आला आणि कमिशनर मंडळाने त्याचं १.७ बिलियनचं नवीन जेल नाकारून डागडुजीचा रस्ता धरला. शेरीफ म्हणतो पैसे देत नाहीत, कमिशनर म्हणतात दिलेल्या पैशांचा हिशोब नीट नाही, आणि जागा मंजूर आहेत त्यासुद्धा भरल्या जात नाहीत. दोघंही आपापल्या जागी खरे, म्हणून भांडण मिटत नाही. नोकरी मंजूर करणं आणि माणूस भरणं यात वर्षभराचं अंतर असतं, आणि त्या वर्षात जितके येतात तितके मागच्या दाराने जातात. जानेवारी २०२५ मध्ये परत कन्सेन्ट डिक्री, परत देखरेखीला बाहेरचा माणूस, मॉनिटर. स्टाफिंग त्या यादीत आहेच. वीस वर्षांत दुसऱ्यांदा.

मला विचाराल तर नवीन बिल्डिंगला माझा विरोध नाही, चांगल्या रचनेच्या बिल्डिंगला खुर्च्याच कमी लागतात, एका जागेवरून सगळे सेल दिसले तर एकाच्या जागी तीन ऑफिसर लागत नाहीत, तो मुद्दा शेरीफचा बरोबर आहे. पण बिल्डिंगला सहा-सात वर्षं लागणार, आणि आज रात्री अकरा वाजताचं काय? मी तरी पहिलं काम कैदी कमी करायचं केलं असतं, किरकोळ आरोपवाले, पैशांवाचून अडकलेले, मानसिक आजारी, कारण माणसं भरायला वर्ष लागतं पण माणसं सोडायला जजची सही लागते. त्यानंतर मग पोस्टची यादी, खरी यादी, हॉस्पिटलच्या खुर्च्या धरून.

मागच्या वर्षी मला ज्युरी ड्यूटीचं, म्हणजे खटल्यात पंच म्हणून बसायचं, समन्स आलं, प्रायर स्ट्रीटच्या कोर्टात. मेटल डिटेक्टरपाशी डेप्युटी, लिफ्टपाशी डेप्युटी, कोर्टरूमच्या दाराशी एक, आत एक. सगळे त्याच शेरीफच्या रोस्टरमधले. सवयीने मोजायला लागलो, अकरापर्यंत गेलो. पण कोर्ट आठवड्याला पाच दिवस, दिवसाला आठ-नऊ तास, तिथल्या खुर्चीला सव्वा माणूस पुरतो. स्वस्तातल्या खुर्च्या, आणि नेमक्या आमच्यासारख्यांना दिसणाऱ्या. त्या सगळ्या भरलेल्या होत्या. माझं नाव काही पुकारलं नाही, साडेतीनला घरी सोडलं.